कयाकच्या रचनेतच दोष असेल, तर पोटात शिरणारे पाणी कसे थांबवावे

नव्या कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट हलक्या होडीला, कुठे चीर नाही, तळावर ओरखडा नाही, झाकणेही घट्ट बसलेली आहेत. तरीही तासाभराने ती काठावर ओढून एका अंगावर कलती केली की पोटात पाणी खळखळते. शिवसागर जलाशयावर बामणोली-तापोळ्याच्या बाजूला स्वतःची कयाक घेऊन येणाऱ्यांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: सिलिकॉनची नळी आणायची आणि जिथे फट दिसेल तिथे थापायची. ते लिंपण थोडे दिवस धरते, मग त्याची कड सुटते आणि पाणी पुन्हा येऊ लागते. असे होते, कारण हे पाणी फुटलेल्या जागेतून येत नसून आखणीतूनच येत असते. ज्या खळग्यात पाणी साचणारच तिथे झाकण बसवलेले असते, झाकणाची कडी, म्हणजे झाकण ज्यात फिरवून बसते ते गोल कडे, नुसत्या स्क्रूंवर धरलेली असते आणि पोटातली हवा तापून निवली तर ती कुठून ये-जा करील याचा विचार केलेला नसतो. अशा वेळी पाणी तिथे का साचते आणि आत का ओढले जाते, ही दोन कारणे शोधून तीच दूर करावी लागतात.

येथे मुख्यतः ज्या कयाकवर उघड्यावर बसायचे असते तिचा, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकाराचा विचार केला आहे, कारण आपल्याकडच्या जलाशयांवर तीच जास्त दिसते. तिचे पोट एकसंध व बंद असते, बैठक वरच्या पाठीवर असते आणि बैठकीत आलेले पाणी निथळून जावे म्हणून तळापर्यंत आरपार नळ्या असतात, ज्यांना स्कपर म्हणतात. बैठकीत थोडे पाणी असणे हा दोष नव्हे. पोटात पाणी असणे हा दोष आहे.

आधी या पाण्याचा धोका नीट समजून घ्यावा. कृष्णेवरच्या लाकडी होडीत पाणी आले तर ते पायाशी दिसते आणि डब्याने उपसता येते. कयाकमध्ये ते पाठीखाली दडलेले असते, म्हणून वल्हवणाऱ्याला त्याचा अंदाज उशिरा येतो. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. पण ते एका जागी स्थिर राहत नाही. कयाक डावीकडे झुकली की सगळे पाणी डावीकडे धावते आणि ती आणखी झुकते. त्यामुळे वजनाच्या दृष्टीने कयाक सहज तरंगत असली, तरी तिचा तोल आधीच गेलेला असू शकतो. शिवाय या कयाक ज्या पॉलिइथिलीनच्या बनतात त्याची घनता पाण्याच्या तुलनेत सुमारे ०.९४ असते, म्हणजे तीस किलोची कयाक पूर्ण भरली तर तिच्या प्लास्टिकची स्वतःची तरंगण्याची ताकद जेमतेम दोन किलो उरते. त्या दोन किलोंवर माणूस तरंगत नाही. म्हणून दोष सापडेपर्यंत अशी कयाक काठापासून दूर नेऊ नये, आणि काठालगतही लाइफ जॅकेटशिवाय बसू नये.

पाणी कोणत्या वाटेने येते ते ठरवणे

दुरुस्तीच्या कामात सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. पाणी आत सापडते ती जागा आणि ते शिरते ती जागा एकच असेल असे नाही, कारण आत आल्यावर ते सखल भागाकडे वाहून जाते. म्हणून एका वेळी एकच शक्यता तपासत जाणे हाच भरवशाचा मार्ग आहे. प्रत्येक चाचणीपूर्वी पोट स्पंजाने कोरडे करावे आणि चाचणीनंतर आतले पाणी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहावे. ‘थोडे होते’, ‘बरेच होते’ अशा नोंदींचा पुढे काही उपयोग होत नाही.

जागा निवडताना काळजी घ्यावी. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे, तेव्हा नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कयाक तपासणे टाळावे. द्राक्षबागेतले शेततळे जवळ असते व पाणी संथ असते, म्हणून ते सोयीचे वाटते. पण त्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की वर येता येत नाही. शेततळ्यातच तपासायचे असेल तर कयाकला दोर बांधून ती एकटीच पाण्यात सोडावी, स्वतः काठाच्या आत पाऊल टाकू नये, आणि काठावर दुसरा माणूस असावा. जलाशयाचा उथळ, कठीण तळाचा, परवानगी असलेला काठ यापेक्षा बरा. त्यासाठीही दिवस शांत वाऱ्याचा असावा.

पहिल्या चाचणीत रिकामी कयाक सावलीत, माणूस न बसवता, अर्धा तास तरंगत ठेवावी. एवढ्याने पोटात पाणी आले तर दोष पाण्याच्या रेषेखाली आहे: तळाची चीर, स्कपरच्या नळीचा तळाशी असलेला सांधा किंवा तशाच खालच्या जागी बसवलेले निचऱ्याचे बूच. आत काहीच आले नाही तर दुसऱ्या चाचणीत बैठकीवर आपल्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून पुन्हा अर्धा तास थांबावे. रिकामी असताना कोरडी राहिलेली कयाक वजनाने गळू लागली, तर वजनामुळे पाण्याची रेषा एखाद्या भोकापर्यंत, स्क्रूपर्यंत किंवा झाकणापर्यंत चढली आहे असे समजावे. तिसरी चाचणी जमिनीवर होते. कयाक सपाट ठेवावी, स्कपर खालून चिंध्यांनी बंद करावेत आणि पायाकडच्या खळग्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. या वेळी पाणी आत आले, तर तळाचा काही दोष नसून वरचे झाकण, कडी किंवा स्क्रू गळत आहेत हे निश्चित होते.

चौथी चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि रचनेतला दोष नेमका तिच्यातच उघडा पडतो. तिसऱ्या चाचणीची पुनरावृत्ती करावी, पण त्याआधी कयाक बूच व झाकणे बंद करून दोन तास कडक उन्हात ठेवावी आणि मग गार पाणी ओतावे. सावलीतल्या कयाकमध्ये पेलाभर पाणी आले असेल आणि उन्हात तापलेल्या कयाकमध्ये त्याच्या कितीतरी पट आले, तर पाणी नुसते झिरपत नाही, ते ओढले जात आहे.

तिसऱ्या चाचणीत झाकण व कडी यांपैकी दोषी कोण हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. झाकण काढून तोंडावर पातळ पॉलिथिनचा कागद अंथरावा, त्याच्यावरून झाकण फिरवून बंद करावे आणि पुन्हा पाणी ओतावे. आता पाणी थांबले तर झाकणातली रबरी रिंग खराब आहे, ती बदलली की काम झाले. पाणी तसेच येत राहिले तर ते कडीच्या खालून किंवा स्क्रूंच्या भोकांतून येत आहे. नेमका कोणता स्क्रू हे पाहण्यासाठी आतून कडीखाली वर्तमानपत्राचा कागद धरून त्याच्यावर कोरडा गुलाल पसरावा. जिथे थेंब पडतो तिथे लगेच गडद डाग उठतो.

साबणाच्या फेसाची चाचणीही चांगली आहे: बुचाच्या जागी नळी बसवून पोटात थोडी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फासून बुडबुडे पाहायचे. मात्र ही हवा तोंडाने फुंकलेली असावी. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावण्याचा मोह कोणीही करू नये. दर चौरस सेंटिमीटरला केवळ ७० ग्रॅम दाब वाढला तरी एक चौरस मीटर पृष्ठभागावर तो ७०० किलोंचा होतो, आणि त्याने स्कपरच्या नळ्यांचे सांधे उकलतात किंवा कयाकची पाठ कायमची फुगते.

पोट पाणी का ओढते

कयाक गाडीच्या टपावर उन्हात तापते. समजा पोटातली हवा ५० अंश सेल्सियसपर्यंत गेली आणि कुठल्यातरी बारीक फटीतून तिचा वाढलेला दाब बाहेर पडून गेला. मग कयाक जलाशयात उतरली आणि तीच हवा २७ अंशांपर्यंत निवली. तापमान ३२३ केल्व्हिनवरून ३०० केल्व्हिनवर येते, म्हणजे हवेचा दाब किंवा आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी घटते. पोट अडीचशे लिटरचे असेल तर ही तूट सुमारे १८ लिटरची झाली. पोटाच्या भिंती काही प्रमाणात आत दबतात आणि थोडी तूट भरून निघते. उरलेली तूट भरण्यासाठी पोट बाहेरून काहीतरी ओढून घेते. फटीवर हवा असेल तर हवा येते, फटीवर पाणी साचलेले असेल तर पाणी येते. भिंती मुळीच दबल्या नाहीत असे धरले, तर शिवसागरच्या उंचीवर ही ओढ साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी भरते. खळग्यात साचलेल्या दोन-तीन सेंटिमीटर पाण्याचा स्वतःचा दाब तिच्यापुढे नगण्य आहे. एरवी थेंब-थेंब गळणारा स्क्रू वल्हवायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच भरपूर पाणी का आत घेतो, याचे उत्तर यात मिळते.

आपल्या घाटमाथ्यावर याला आणखी एक कारण जोडले जाते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि शिवसागर पूर्ण भरल्यावर त्याची पातळी सुमारे ६६० मीटरवर असते. महाबळेश्वरला बूच लावून बंद केलेली कयाक तापोळ्याला उतरवली की बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणजे ऊन नसले तरी, केवळ घाट उतरल्याने, पोट पाणी ओढण्याच्या तयारीत काठावर पोचते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जाणाऱ्यांनाही, पठारावर थांबून तिथे बूच उघडून पुन्हा लावले, तर हाच अनुभव येईल.

यावरचा उपाय फुकट आहे, आणि तो दुरुस्तीपूर्वीच सुरू करावा. वाहतुकीत आणि ठेवून देताना बूच कायम उघडे असावे. काठावर पोचल्यावर कयाक सावलीत ठेवावी, पाठीवर व पोटावर जलाशयाचे पाणी शिंपडत दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावी, आणि सर्वांत शेवटी, पाण्यात ढकलण्याच्या क्षणी बूच लावावे. दुपारी काठावर जेवायला थांबल्यास बूच पुन्हा उघडावे आणि निघताना हाच क्रम पाळावा. उघडलेले बूच खिशात न ठेवता दोरीने कयाकलाच बांधून ठेवावे, नाहीतर ते लावायचे राहून जाते आणि एका दोषाच्या जागी दुसरे संकट उभे राहते.

ज्या कयाकमध्ये आत बसायचे असते तिच्या पुढच्या-मागच्या कप्प्यांना आडव्या भिंती असतात. तिथे प्रत्येक भिंतीच्या वरच्या भागात दीड मिलिमीटरचे एक छिद्र पाडावे. त्यातून हवेची ये-जा होते. कयाक उलटून बैठकीत पाणी भरले तरी तेवढ्या छिद्रातून आत जाणारे पाणी फार थोडे असते. काही उत्पादक हे छिद्र कारखान्यातच पाडून देतात, म्हणून आधी बारकाईने पाहावे. त्याला गळती समजून बुजवणारेही आहेत, आणि मग त्यांच्या कप्प्यांची झाकणे पाणी ओढू लागतात.

भोक पाडण्याआधी

येथून पुढे कयाकमध्ये कापाकापी आहे, आणि ती केल्यानंतर उत्पादक हमी नाकारू शकतो. म्हणून हमीची मुदत शिल्लक असेल तर वरच्या चारही चाचण्यांच्या नोंदी, तारखा व छायाचित्रे यांसह विक्रेत्याला व उत्पादकाला लेखी कळवावे. नुसते ‘पाणी येते’ असे न लिहिता ‘खळग्यात पाणी असताना पंधरा मिनिटांत अमुक इतके मिलिलिटर पाणी कडीखालून येते’ असे लिहिले की, टाळाटाळीला जागा कमी उरते. उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कयाक मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवलेली असली तरी सातारकराला साताऱ्यात व सांगलीकराला सांगलीतच दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा पैसे परत करणे यांचा आदेश देऊ शकतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. रचनेच्या दोषाचा भुर्दंड ग्राहकाने मुकाट्याने सोसू नये, असे मला मनापासून वाटते. जीवावर बेतू शकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तर मुळीच नाही.

झाकणाची कडी उचलून बसवणे

सर्वांत जास्त आढळणारी सदोष रचना अशी असते: पायांच्या मधोमध, खळग्याच्या तळाशी, पंधरा सेंटिमीटर व्यासाचे फिरवून लावायचे गोल झाकण, त्याची कडी सहा-आठ स्क्रूंनी थेट पाच मिलिमीटर जाडीच्या पॉलिइथिलीनमध्ये धरलेली, आणि कडीची वरची बाजू खळग्याच्या तळाशी समपातळीत. दिसायला ते सुबक असते. प्रत्यक्षात वल्ह्यावरून निथळणारे सगळे पाणी तिथेच जमते. त्यात पॉलिइथिलीनचा स्वभाव असा की, सतत दाबाखाली ते सावकाश सरकते. आज करकचून आवळलेला स्क्रू काही आठवड्यांनी, कोणी हात न लावता, सैल होतो. तो पुन्हा आवळला की भोकातले आटे झिजतात आणि तो जागच्या जागी फिरू लागतो.

येथे तीन बदल एकत्र करावे लागतात: कडी पाण्याच्या वर उचलणे, स्क्रूंच्या जागी आरपार बोल्ट घालणे आणि लिंपणाऐवजी दोन भागांमध्ये दाबली जाणारी रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, वापरणे. यातला एकच बदल केला तर बाकीचे दोन दोष राहतातच.

उचलण्यासाठी पॉलिइथिलीनची जाड पाटी लागते. भाजी चिरण्याचे पांढरे प्लास्टिकचे जाड पाट बहुधा याच द्रव्याचे असतात. दहा-बारा मिलिमीटर जाडीचे दोन घेऊन कडीच्या मापाची दोन वर्तुळाकार चक्रे कापून घ्यावीत. एकावर एक ठेवली की वीस ते चोवीस मिलिमीटर उंची मिळते, आणि शांत पाण्यातल्या बहुतेक परिस्थितीत तेवढी पुरते. जुने स्क्रू काढावेत, कडी अलगद सोडवावी, सिलिकॉनचा जुना थर पात्याने खरवडून काढावा आणि तळ रॉकेलच्या बोळ्याने व नंतर साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून पूर्ण वाळवावा. बैठकीची जागा सपाट आहे का ते पट्टी ठेवून पाहावे. साच्यातून निघालेल्या कयाकमध्ये एक-दीड मिलिमीटरचा चढउतार असतोच, तो कानशीने व पॉलिश पेपरने उतरवावा. याला अर्धा दिवस लागला तरी हरकत नाही, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

मग खालून वर असा क्रम लावावा: कयाकची पाठ, तीन मिलिमीटरची रबरी गॅस्केट, पहिले चक्र, पातळ गॅस्केट, दुसरे चक्र, पुन्हा गॅस्केट, आणि वर कडी. उन्हात टिकणारे ईपीडीएम रबर मिळाले तर उत्तम. मधल्या पातळ थरासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबरही चालते, कारण तेही हवा व पाणी चांगले अडवते. पाच मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट वरून घालून आतल्या बाजूला आधी रबरी वायसर, मग वीस मिलिमीटर व्यासाचा रुंद स्टेनलेस वायसर आणि शेवटी नायलॉनची चकती असलेला नट बसवावा. गोड्या पाण्यात ३०४ दर्जाचे स्टेनलेस पुरेसे आहे. साधे लोखंडी नट वापरले तर त्यांच्या गंजाने प्लास्टिकला काही होत नाही, पण पुढच्या वेळी ते सुटत नाहीत आणि सोडवताना कयाकच फाटते.

आवळताना घाई करू नये. मोटारीच्या चाकाचे नट जसे समोरासमोरच्या जोड्यांनी आवळतात तसे येथेही करावे, प्रत्येक फेरीत थोडे-थोडे. गॅस्केटची जाडी पाव ते एक तृतीयांशाने कमी झाली की थांबावे. ती कडीबाहेर फुगून आलेली दिसली तर जास्त झाले. चोवीस तासांनी पॉलिइथिलीन थोडे बसते, तेव्हा प्रत्येक नटाला आणखी पाव फेरा द्यावा. त्यानंतर तिसरी आणि चौथी चाचणी पुन्हा करावी.

उंच झालेली कडी टाचेला किंवा नडगीला लागत असेल तर हा उपाय सोडून द्यावा. ते झाकण खरोखर वापरले जाते का, हाच प्रश्न मी आधी विचारीन. बहुतेकांच्या कयाकमध्ये त्याच्याखाली लटकणारी छोटी पिशवी असते, तिच्यात चावी व फोन ठेवतात, आणि तो फोनच शेवटी भिजतो. अशा वेळी त्याच पद्धतीने, गॅस्केट व बोल्ट लावून, सपाट पाटीने ते तोंड कायमचे बंद करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. फक्त पोटात डोकावता येईल व हात घालता येईल असे दुसरे एखादे झाकण उंचावर शिल्लक असावे.

खळगाच पाण्याखाली असेल तर

दुसऱ्या चाचणीत, म्हणजे वजनाखाली, कयाक नापास झाली असेल तर झाकणाकडे जाण्याआधी वजनाकडे पाहावे. सव्वातीन मीटर लांब व ऐंशी सेंटिमीटर रुंद कयाकचा पाण्यावरचा ठसा साधारण पावणेदोन ते दोन चौरस मीटरचा असतो. तिच्यावर वीस किलो वाढले की ती सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. पायाकडचा खळगा तेवढ्यानेच पाण्याच्या पातळीखाली जात असेल, तर स्कपरमधून पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येत राहते आणि झाकण सतत बुडालेले राहते. विक्रीच्या पत्रकात छापलेली भारक्षमता ही तरंगण्याची मर्यादा मानावी, कोरडे राहण्याची नव्हे. मी तिच्या दोन तृतीयांशाच्या वर जात नाही. सामान मागच्या बाजूला सरकवले किंवा बैठक थोडी मागे घेतली तरी पुढचा खळगा वर उचलला जातो, आणि कित्येकदा एवढ्यावरच काम भागते. स्कपरला बुचे लावण्याचा उपायही आहे. सकाळच्या संथ पाण्यात तो ठीक आहे. पण दुपारी वारा उठून लाटा बैठकीत येऊ लागल्या की ते पाणी जायला वाटच राहत नाही, म्हणून पुढची बुचे लावून मागची उघडी ठेवणे बरे.

पहिल्या चाचणीत नापास झालेल्या कयाकचा प्रश्न वेगळा आहे, तो थोडक्यात सांगतो. चीर बहुतेक वेळा स्कपरच्या नळीच्या तळाशी सापडते. स्कपरमध्ये दांडे घालून ढकलायच्या चाकगाड्या वापरल्याने तिथे जोर येतो. पोटाखाली पट्ट्यांचा आधार देणारी गाडी वापरल्यास तो येत नाही. पॉलिइथिलीनचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला इपॉक्सी पुटी, सिलिकॉन किंवा झटपट चिकटवणारे द्रव्य कायमचे धरत नाही. त्याची खरी दुरुस्ती म्हणजे वितळवून जोडणे. घरांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या याच द्रव्याच्या व याच फिरत्या साच्याच्या पद्धतीने बनतात, आणि फुटलेल्या टाक्या जोडून देणारे कारागीर सातारा व सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. कयाकचे चार किस्से ऐकलेल्या माणसापेक्षा रोज टाक्या जोडणाऱ्याचा हात या कामात अधिक तयार असतो. त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात: चिरेच्या दोन्ही टोकांना आधी तीन मिलिमीटरची भोके पाडून ती पुढे पळण्यापासून थांबवावी, आणि जोडसळई शक्यतो कयाकच्याच द्रव्याची असावी. काही थोड्या कयाक न वितळणाऱ्या प्रकारच्या पॉलिइथिलीनच्या असतात. न दिसणाऱ्या जागेचा पातळ कीस काढून तापवावा. तो वाहण्याऐवजी रबरासारखा आक्रसून राहिला तर त्याला जोड लागणार नाही.

बंदोबस्त अपुरा पडला तरी जीव वाचावा म्हणून

दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी पोटात पाण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी व्यापून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. जेवढ्या लिटरची जागा व्यापली तेवढ्या किलोंचा आधार बुडालेल्या कयाकला मिळतो. साठ लिटर फोम किंवा हवेच्या पिशव्या असतील तर पूर्ण भरलेली कयाकही माणसाला धरून राहण्यापुरती वर राहते. पोहायला शिकताना वापरतात त्या फोमच्या लांब नळ्या झाकणातून सहज आत जातात. घट्ट बुचाच्या रिकाम्या बाटल्याही चालतात, मात्र त्या जाळीच्या पिशवीत भरून पिशवी बांधलेली असावी, नाहीतर त्या सगळ्या एका टोकाला गोळा होतात. हा आधार दोन्ही टोकांना सारखा वाटलेला असावा, म्हणजे भरलेली कयाक एका टोकावर उभी राहणार नाही. थर्मोकोलचे तुकडे कोंबू नयेत. त्यांचे कण सुटून निचऱ्याच्या बुचात अडकतात.

याच्या जोडीला झाकणाशी स्पंज व लहान हातपंप बांधलेला असावा. कोयना अभयारण्याच्या बाजूने शिवसागरवर जाणाऱ्यांनी वन विभागाची परवानगी आणि वाऱ्याचा अंदाज दोन्ही पाहूनच निघावे, कारण तिथे मदत यायला वेळ लागतो.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी काठाला समांतर, एका माणसाबरोबर आणि छोटी ठेवावी. दर वीस मिनिटांनी काठाला लागून पोटातले पाणी मोजावे व पूर्वीच्या नोंदींशेजारी लिहावे. स्पंज नुसता ओलसर होण्याइतके पाणी असेल तर ते हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमून झालेले असते, त्याची चिंता नको. पेलाभर निघाले तर नट पुन्हा पाहावेत. त्याहून जास्त निघाले तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. कयाक घरी आणून पॉलिथिनच्या कागदाची आणि गुलालाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला गॅस्केटवर बोट फिरवून रबर कडक तर झाले नाही ना, हे तपासत राहावे.